धरणारा पट्टा, सोडणारा पट्टा

शंकेखोर: स्कूबाच्या सामानात हौसेने हात घालावा असा भाग मुळात थोडा, आणि मला त्या थोड्याबद्दलही शंका आहे. सिलिंडरला घरी शिवलेलं हँडल, हार्नेसवर हवी तिथे सरकवलेली कडी, खांद्याच्या पट्ट्याची बदललेली वाट, दोन पायांमधून घेतलेला जादा पट्टा. ही कामं करणारा म्हणतो, ‘यात काय एवढं? पट्टाच तर आहे.’ माझं भांडण त्या ‘च’शी आहे. रेग्युलेटर उघडायची वेळ आली की हाच माणूस दहादा विचार करतो, कारण श्वास त्याच्यावर चालतो हे त्याला दिसतं. पट्ट्याला मात्र तो दप्तराच्या पट्ट्यासारखा वागवतो. आता हिशेब पाहा. सगळीकडे चालणारं ऐंशी घनफुटी ॲल्युमिनियमचं सिलिंडर रिकामं असताना 14 किलोच्या पुढे भरतं. त्यात 200 बारच्या आसपास दाबाने हवा भरली की त्या हवेचंच वजन अडीच-पावणेतीन किलो होतं. वर व्हॉल्व्ह, बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जाकीट) आणि रेग्युलेटर धरले की सगळा बोजा 22-23 किलोंवर जातो. हा बोजा हलत्या होडीत, ओल्या हाताने आणि बहुधा अनवाणी पावलांच्या वर उचलायचा असतो. शिलाई उसवली तर सिलिंडर पायावर येईल. पायावर नाही आलं तर व्हॉल्व्हवर आपटेल, आणि ते जास्त वाईट. कारखान्यातला पट्टा चांगलाच असतो असं मी म्हणत नाही. पण तो कोणीतरी ओढून, ताणून, मोजून पाहिलेला असतो. युरोपात बीसीडीसाठी ईएन 1809 हे वेगळं मानक आहे, ते उगाच नाही. घरच्या शिलाईमागे काय असतं? शिवणाऱ्याचा आत्मविश्वास. आणि आत्मविश्वास किती किलोंना तुटतो हे कोणी मोजलेलं नाही.

हौशी: मोजमापाचा मान ठेवून एक विचारतो. कारखान्याने ज्या पट्ट्याची नक्कल केली, तो पहिला पट्टा कुठे तयार झाला? 1943 साली कुस्तो आणि गान्याँ यांनी हवा देणारा व्हॉल्व्ह जमवला, हे सगळे सांगतात. पण तो व्हॉल्व्ह आणि ते सिलिंडर पाठीवर कसं बसवायचं, या प्रश्नाचं उत्तर पुढची कित्येक दशकं पाणबुडे आपल्या हातानेच शोधत होते. आज तांत्रिक डायव्हिंग करणारे जी बॅकप्लेट वापरतात, ती एखाद्या मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात जन्मली नाही. 1970 च्या दशकाच्या अखेरीस उत्तर फ्लोरिडाच्या पाण्याने भरलेल्या गुहांत उतरणाऱ्या मंडळींनी ती घडवली. धातूची एक वाकवलेली पाटी आणि तिच्या खाचांतून ओवलेला पट्टा, एवढंच तिचं रूप. ग्रेग फ्लॅनगन यांचं नाव त्या पाटीशी जोडलं जातं आणि विल्यम हॉगार्थ मेन यांचं त्या पट्ट्याशी. सुमारे पाच सेंटिमीटर रुंदीचा एकच अखंड पट्टा दोन्ही खांद्यांवरून घेऊन कमरेशी एका बकलात आणायचा, मध्ये जोड नाही, प्लास्टिकची चाप नाही. या मांडणीला आजही ‘हॉगार्थियन’ म्हणतात. त्या पाटीवर दोन बोल्टांमधलं अंतर 11 इंच असे. आज वेगवेगळ्या कंपन्यांच्या पाट्या आणि विंग (पाटीवर बसणारी हवेची पिशवी) एकमेकींवर बसतात त्या याच अंतरामुळे. म्हणजे हौशी माणसांनी एकदा पाडलेलं भोक हेच पुढे बाजाराचं माप झालं. तुम्ही मानकाकडे बोट दाखवता. मी म्हणतो, त्या मानकाचं बाळंतपण घरीच झालं.

शंकेखोर: जी बाळं जगली त्यांचीच नावं तुम्ही घेताय. घरगुती कल्पनांच्या इतिहासाची हीच अडचण आहे. टिकल्या त्यांना परंपरा म्हणतात, बुडाल्या त्यांची नोंद राहत नाही. एक नोंद मात्र राहिली आहे, ती ऐका. इंग्लंडच्या मेंडिप टेकड्यांत स्विल्डन्स होल नावाची गुहा आहे. 1934 साली तिथला पाण्याने भरलेला भाग ओलांडायला ग्रॅहम बाल्कम यांनी सायकलच्या भागांपासून आणि रबरी नळीपासून श्वसनाचं साधन तयार केलं. कल्पकतेला दाद द्यावी असंच ते होतं, पण त्याने काम झालं नाही. पुढच्या वर्षी वुकी होल या गुहेत बाल्कम आणि त्यांचे साथीदार आत गेले तेव्हा अंगावर सीब गॉर्मन कंपनीची सामग्री होती, म्हणजे धंदेवाईक पाणबुड्यांसाठी कारखान्यात बनलेली. मार्ग उघडला तो त्या सामग्रीने. आणि फ्लोरिडाच्या ज्या लोकांची तुम्ही उदाहरणं देता, त्यांना हौशी म्हणणं हा शब्दाचा खेळ आहे. ते आठवड्यामागून आठवडे त्याच गुहांत उतरत होते. पट्टा कुठे घासतो, कडी कशात अडकते, अंधारात हात कुठे जातो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. त्यांच्या हातचा पट्टा आणि वर्षाला चार डाइव्ह करणाऱ्या माणसाने सुट्टीत शिवलेला पट्टा, हे दोन्ही ‘घरगुती’च. पण पहिल्याच्या मागे शेकडो तास आहेत, दुसऱ्याच्या मागे एक रविवार. घरगुती या शब्दाखाली तुम्ही दोघांना एका पंगतीला बसवता आणि पहिल्याच्या पुण्याईवर दुसऱ्याला जेवू घालता.

हौशी: पंगत वेगळी करू, हरकत नाही. मग तुम्हीही हँडल आणि हार्नेस वेगळे करा. हँडल जमिनीवरचं साधन आहे. तिथला शत्रू पाणी नाही, माणसाची कंबर आहे. बहुतेक लोक सिलिंडर उचलतात ते व्हॉल्व्हला बोटं अडकवून. व्हॉल्व्ह हवा सोडण्यासाठी घडवलेला असतो, तळहातासाठी नाही. त्याच्या कडा बोटांत रुततात, पकड तिरपी होते, मनगट वळतं. ओझं उचलण्याच्या अभ्यासात पकडीला स्वतंत्र स्थान आहे. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेचं वजन उचलण्याचं प्रसिद्ध समीकरण 23 किलोंपासून सुरू होतं. सगळं अनुकूल असेल तेव्हाची ती मर्यादा, आणि प्रत्येक अडचणीमागे ती खाली येत जाते. पकड वाईट असणं ही त्यातली एक अडचण. चांगल्या मुठीचं मापही त्याच अभ्यासात दिलेलं आहे: जाडी साधारण दोन ते पावणेचार सेंटिमीटर, लांबी किमान साडेअकरा, आणि आत बोटं जायला पाच सेंटिमीटर मोकळी जागा. आता गुहेत जाणाऱ्यांची जुनी घरगुती मूठ आठवा. बागेला पाणी घालायच्या नळीचा वीतभर तुकडा, त्यातून ओवलेला जाड दोर, दोराचं एक टोक सिलिंडरच्या गळ्याशी, दुसरं मधोमध आवळलेल्या स्टीलच्या होज क्लिपखाली, दोन्ही टोकांना एकेक स्प्रिंगचा हुक आणि क्लिपवर सायकलच्या ट्यूबचं वेष्टण. खर्च नगण्य. पण त्या नळीची जाडी आणि लांबी तळहाताला विचारून ठरलेली आहे. दुकानात मिळणारी अरुंद पट्टीची हँडलं वजन आलं की दुमडतात आणि बोटांवर वळ उठवतात. ज्याला आपल्या पंजाचं माप माहीत आहे, त्याने आपल्या पंजासाठी मूठ केली तर त्यात उद्धटपणा कुठे आला?

शंकेखोर: तुम्हीच आणलेलं समीकरण पुढे नेऊ. पकड वाईट असली तर मर्यादा किती घटते? शेकडा दहा. 23 चे पावणेएकवीस होतात, बस. वजन शरीरापासून किती लांब आहे, यासाठी मात्र 25 सेंटिमीटरला त्या अंतराने भागायचं असतं. होडीच्या काठावरून वाकून, पन्नास सेंटिमीटर पुढे हात करून सिलिंडर घेतलं की मर्यादा थेट निम्मी होते, म्हणजे साडेअकरा किलो. जगातली सर्वांत सुबक मूठ बसवली तरी हा तोटा भरून निघत नाही. भीती अशी की ती मूठ माणसाला वाकून, एका हाताने उचलायचं धैर्य देईल. व्हॉल्व्ह बोटांना टोचत होता तोवर तो दोन्ही हातांनी मिठी मारून उचलत होता. हे समीकरण दोन हातांसाठी आणि स्थिर जमिनीसाठी आहे. एक हात आणि डुलती होडी त्याच्या हिशेबातच नाहीत. दुसरी गोष्ट तुमच्या त्या होज क्लिपची. ‘स्टेनलेस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक क्लिपांची पट्टी स्टेनलेस असते, स्क्रू साधा असतो. खाऱ्या पाण्यात तो लवकरच तांबूस होतो. पट्टी चांगली असली तरी ॲल्युमिनियमला स्टील घासून बसलं आणि मध्ये मीठपाणी राहिलं, की झिजतं ते ॲल्युमिनियम. वरून तुम्ही ट्यूबचं वेष्टण घातलंत, म्हणजे मीठपाणी सुकायचीही सोय ठेवली नाहीत आणि खड्डे पडताना दिसायचीही. मुठीला जपण्यासाठी घातलेलं आवरण दाबाच्या भांड्याला पोखरू लागलं, तर बचत कशाची झाली? आणि एकदा कोणी ‘हँडल पक्कं बसावं’ म्हणून सिलिंडरला भोक पाडायचा किंवा झाळायचा विचार केला, की संपलंच. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरची ताकद त्याच्या उष्णता-संस्कारात असते. पावणेदोनशे अंशांच्या पुढची धग लागली तर ते मोडीत काढावं लागतं.

हौशी: भोक आणि झाळणं यावर वाद नाही. सिलिंडरच्या धातूला हात लावायचा नाही, ही हौशी लोकांचीही पहिली अट आहे. आपल्याकडे तर सिलिंडरचा कारभार 2016 च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतो आणि तो पाहणारी ‘पेसो’ ही केंद्रीय संघटना नागपुरातच बसते. गंजाचा मुद्दाही मान्य. त्यावर उपाय साधा आहे: क्लिप काढता येईल अशीच बसवायची, डाइव्हनंतर गोड्या पाण्याने धुवायची, ठरल्या मुदतीने वेष्टण उतरवून खालचा धातू पाहायचा, स्क्रूला लोहचुंबक लावायचा. चुंबकाला घट्ट चिकटला तर शंका धरायची. पण तुमच्या बोलण्यामागे एक गृहीत आहे, की घरी काम करणाऱ्याला मापता येत नाही. मला उलट वाटतं. नायलॉनची इंचभर रुंदीची चांगली विणलेली नळीदार पट्टी दीड हजार किलोंच्या पुढचा ताण सोसते. गिर्यारोहकांची सगळी भिस्त तिच्यावर असते. तेव्हा पट्टीतून काहीच तुटत नाही. तुटतं ते शिलाईत, गाठीत, बकलात, आणि कापून नीट न वितळवलेल्या टोकाशी. गाठ मारली की दोराची ताकद तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास घटते. सुती दोरा समुद्रात कुजतो. नायलॉन भिजलं की सैल पडतं, म्हणून सिलिंडरचा पट्टा आवळण्याआधी भिजवून घ्यायचा असतो, आणि हे कारखान्याच्या पट्ट्यालाही चुकलेलं नाही. हे सगळं कळायला प्रयोगशाळा लागत नाही. चौकोन आणि आत फुली अशी शिलाई, पॉलिएस्टरचा जाड दोरा, आणि रिक्षाचे हूड शिवणाऱ्याकडे असतं तसलं दणकट मशीन. दोन मुठी शिवायच्या. एकीला वाळूच्या पोत्यांनी ती तुटेपर्यंत लोंबकळवायचं आणि कुठे तुटली ते पाहायचं. दुसरी वापरायची. कारखान्यातही नमुने तोडून पाहतात, पण ते तुटलेले तुकडे गिऱ्हाइकाच्या हाती येत नाहीत. घरी शिवणाऱ्याच्या हातात ते असतात. आपली वस्तू कुठून जाईल हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

शंकेखोर: आता आपण नेमक्या जागी आलो. पोती टांगून तुम्ही काय तपासलंत? पट्टा धरतो की नाही. जमिनीवर तोच प्रश्न आहे. पाण्यात उतरलं की प्रश्न उलटतो. तेच सतरा किलोंचं सिलिंडर भरलेलं असताना पाण्यात किलोभरसुद्धा जड भरत नाही, आणि हवा संपत आली की उलट दीडेक किलोने वर ओढू लागतं. म्हणजे ज्या वजनासाठी तुम्ही चौकोन-फुलीची शिलाई घातली, ते वजन तिथे नाहीच. पट्ट्याचं काम वजन पेलण्याचं उरत नाही. सामान जागेवर ठेवणं आणि वेळ आली की सुटणं, एवढंच उरतं. या सुटण्याची चाचणी तुम्ही कुठे घेतलीत? दोन पायांमधून घेतलेला पट्टा वजनांच्या बेल्टवरून गेला, तर संकटात बेल्ट सोडला तरी तो पडत नाही, पट्ट्यात लोंबकळतो. मोठी, ऐसपैस मूठ जमिनीवर सोयीची. पाण्यात तो उघडा फास आहे. कोकण किनाऱ्यावर खडकांना तुटलेली जाळी आणि दोर अडकून राहिलेले असतात. पाठीमागे मानेजवळ, जिथे डोळा पोचत नाही आणि हात जेमतेम पोचतो, तिथे तुम्ही एक आकडा उभारून ठेवता. हँडल व्हॉल्व्हच्या चाकाजवळ आलं तर चाक फिरवायला जागा राहत नाही. कडीत थेट धातूचा हुक अडकवला आणि तो मिठाने धरला, तर सुरीने कापण्यासारखं तिथे काहीच नसतं. तुमची सगळी हुशारी धरण्यावर खर्च झाली आहे. जमिनीवर पट्ट्याचा जो गुण, तोच पाण्यात त्याचा दोष. पोत्याला ते कसं कळणार?

हौशी: हा आक्षेप बिनतोड आहे. फक्त तो घरगुती पट्ट्यावर आहे असं तुम्ही समजता, आणि माझ्या मते तो सगळ्याच पट्ट्यांवर आहे. धातूला धातू जोडायचा नाही, मध्ये सुरीने कापता येईल असा दोर ठेवायचा, हा नियम कोणी घातला? हुक कडीला नुसत्या दोऱ्याने बांधणाऱ्या गुहेतल्या त्या घरगुती कारागिरांनी. हॉगार्थियन पट्टा अखंड ठेवण्यामागेही तोच विचार होता: बकलं कमी, म्हणजे अवचित उघडणाऱ्या जागा कमी, आणि अडचण आली तर एका जागी कात्री लावली की माणूस मोकळा. कापलेला पट्टा नवा घालायला खर्च किरकोळ. कंपन्यांच्या सामानात मात्र जागोजागी कड्या, चापा, खिसे आणि लोंबणाऱ्या टोकांची रेलचेल असते, कारण दुकानात त्या सोयी दिसतात आणि सुटण्याची सोय दिसत नाही. घरी हार्नेस बदलणारे कित्येकदा काही लावत नाहीत, काढतात: जादा कडी कापतात, लोंबतं टोक आत दुमडतात, खिसा उसवतात. तेव्हा तुमचा मुद्दा मी असा मांडतो. पट्टा शिवण्याआधी तो कुठे सुटेल, कुठे कापला जाईल, कोणत्या हाताने, डोळे मिटून, हातमोज्यासकट, हे आधी ठरवायचं, आणि मगच तो कुठे धरेल ते. चाचणीही तशीच. पोत्यांची झाली की उथळ पाण्यात, सोबती जवळ असताना, सगळं सोडून पुन्हा घालता येतं का ते पाहायचं. शेक एक्सली यांनी गुहांतल्या अपघातांचं विश्लेषण करून 1979 साली जी पुस्तिका लिहिली, तिने ज्या गोष्टींवर बोट ठेवलं त्या बाहेर नेणारी अखंड दोरी नसणं, परतीसाठी पुरेशी हवा न राखणं आणि झेपेल त्याहून खोल जाणं, या होत्या. माणसं मेली ती वागण्याने. शिलाईचा दोष त्या यादीत नाही.

शंकेखोर: यादीत नाही म्हणजे साखळीत नाही असं होत नाही. हवा कमी पडली हे नोंदलं जातं. ती कमी का पडली, तर दोन मिनिटं तो माणूस मागे अडकलेला पट्टा सोडवत धापा टाकत होता, हे सांगायला कोणी उरलेलं नसतं. पण मला याहून मोठी गोष्ट म्हणायची आहे. पट्टा कुठे कापायचा हे शिवणाऱ्याला माहीत असतं, हे मी मानतो. पण पाण्याखाली त्या पट्ट्याशी झुंजणारा बहुधा तो नसतो. तो शुद्धीवर असेल तर स्वतः सुटेल. नसेल, तर सुटका करायची असते सोबत्याने, होडीवरच्या पोऱ्याने, किंवा त्याला आयुष्यात पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाने. त्यांच्या हातांना ओळखीचं काय असतं? सवयीचं बकल, सवयीच्या जागी. म्हणून तर तुमच्या त्याच गुहावाल्या मंडळींनी पुढे आपल्या गटात इतकी कडक एकसारखी मांडणी आणली, की कोणाच्या पाठीवरची कोणती कडी कुठे आहे हे अंधारातही सोबत्याच्या हाताला कळावं. घरगुती कल्पकतेचं फळ शेवटी एकसारखेपणा निघालं, ही गोष्ट तुम्ही सांगायची विसरलात. मानकाचा खरा अर्थ मजबुती नाहीच. अनोळखी माणसाच्या हाताला वस्तू ओळखीची वाटावी, हा आहे. प्रत्येकाने आपल्या पंजाचं माप घेऊन मूठ केली, तर प्रत्येक मूठ फक्त एकाच पंजाला ओळखते.

हौशी: पण अंगं एकसारखी नसतात, त्याचं काय करायचं? कारखाना सरासरी माणसासाठी शिवतो. ज्या बाईचे खांदे अरुंद आहेत, तिच्या खांद्यांवर तो पट्टा पुन्हा पुन्हा घसरतो आणि सगळं सिलिंडर एका अंगाला कलतं. डावखुऱ्याचा हात बकलाच्या उलट्या बाजूने येतो. कमरेखाली हालचाल नसलेली माणसं आज जगभर डाइव्ह करतात. त्यांचे पाय वल्ह्यासारखे चालत नाहीत, तर तरंगत राहतात, आणि त्यांना होडीवर घ्यायचं तर हार्नेसला दोन जास्तीच्या मुठी लागतात. अशा माणसाच्या बाबतीत पट्ट्याचं स्थान बदलणं हा हौसेचा भाग नाही. तो बदल झाला नाही तर त्याला पाणीच बंद. शिवाय पट्टा कातडीत रुततो आहे हे त्याला जाणवत नाही. म्हणून शिलाईची गाठ कोणत्या हाडावर येते हे आधी हाताने चाचपून पाहावं लागतं, आणि हे चाचपणं त्याच्या शेजारी बसलेला माणूसच करू शकतो. एकसारखेपणा सोबत्याच्या सोयीचा, हे मान्य. पण तो अंगाला बसणारच नसेल, तर जो पट्टा सगळ्यांना ओळखीचा आहे तोच ज्याने घातला त्याला परका ठरतो. आणि अंगावर सतत डळमळणारा पट्टा माणसाचं लक्ष खातो. वागण्याने माणसं मरतात असं म्हणताना, लक्ष कशाने उडालं हाही प्रश्न विचारावा लागेल.

शंकेखोर: तुम्ही जी माणसं सांगितलीत त्यांनी आपला बदल जाणून स्वीकारलेला आहे. आता न जाणता स्वीकारणाऱ्यांकडे पाहा. मालवण-तारकर्लीला सुट्टीत येणारा पर्यटक घ्या. त्याने आयुष्यात कधी बीसीडी पाहिलेला नसतो. होडीवर जो पट्टा अंगावर चढवला जाईल तो त्याचा. ओढून पाहा म्हटलं तरी कुठे ओढायचं हे त्याला ठाऊक नाही. तो पट्टा कारखान्याचा आहे की कोणाच्या रविवारचा, हे त्याला कोण सांगणार? सिलिंडरच्या गळ्याशी चाचणीची तारीख ठोकलेली असते. पट्ट्याला जन्मतारीख नसते. ऊन आणि मीठ खाऊन तो किती म्हातारा झाला, हे त्याच्या रंगावरून अंदाजाने ओळखायचं. म्हणून माझी रेघ इथे आहे: स्वतःच्या अंगावर स्वतः शिवलेलं घाला, डोळसपणे घाला, पण ते दुसऱ्याच्या अंगावर चढवू नका.

हौशी: रेघ स्वच्छ आहे, पण समुद्रात ती पुसते. तोच पर्यटकांचा बीसीडी दोन मोसम चालल्यावर बघा. रोज कित्येकदा चढवला-उतरवला जातो, उन्हात वाळतो, पट्ट्याची कड विरते. मोसमाच्या मध्यावर तो परत कारखान्यात जात नाही. दांडगं मशीन असलेल्या कोणाकडे तरी जातो, आणि दोन फेऱ्या शिलाई मारून दुसऱ्या दिवशी पाण्यात. लेबल कंपनीचं, शिलाई गावातली. आता हा कारखान्याचा पट्टा की घरचा? जिथे सामान वापरलं जातं तिथे प्रत्येक हार्नेस हळूहळू घरगुती होत जातो. फरक इतकाच, की हौशी माणूस ते कबूल करतो आणि दुसरा लेबल दाखवतो. तुम्हाला जन्मतारीख हवी ना? मग शिवणाऱ्याने पट्ट्याच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने तारीख लिहावी, कोणता दोरा वापरला ते लिहावं, आणि कुठे कापायचं तिथे रंगीत खूण करावी. मग कारखान्यालाही हाच नियम लावा.

शंकेखोर: लावतो. पण तुमची ती रंगीत खूण सोबत्याला कळेल, कशावरून? पाण्यात लाल रंग सर्वांत आधी विझतो. काही मीटर खाली तो करडा दिसतो. मघाशी तुम्ही ‘घरचं की कारखान्याचं’ म्हणत होता, आता मला तो प्रश्न मागे पडलेला दिसतो. उरला आहे तो हा: पट्टा कुठे सुटतो हे कोणाला माहीत असलं पाहिजे? तुम्ही म्हणता, शिवणाऱ्याला, कारण अंगाचं माप त्याच्याकडे आहे. मी म्हणतो, शेजारच्याला, कारण वेळ येईल तेव्हा हात त्याचा असेल. एकाला सूट लागते, दुसऱ्याला सारखेपणा, आणि पट्टा एकच आहे. शिवाय खाली गेल्यावर दोघांच्याही तोंडात रेग्युलेटर असतो.

हौशी: म्हणूनच तर खाणाखुणा आहेत. बोलता आलं नाही तरी हाताने सांगता येतं.

शंकेखोर: येतं. खूण वर, होडीतच ठरलेली असेल तर.